आधी कणा, मग पान : धातूवर कोरायची मुरडवेल रेखाटायला शिकताना

ठाण्याला जांभळी नाक्यावर भांड्यांच्या एका दुकानाबाहेर नावं घालणारे काका बसायचे. लग्नसराईत त्यांच्यापुढे तांब्यांची आणि डब्यांची उतरंड लागलेली असे, आणि ते मान वर न करता 'यांजकडून सप्रेम भेट' ठोकत असत. अक्षरं झाली की, कोणी सांगितलेलं नसताना, नावाखाली एक छोटीशी वेल काढायचे. दोन मुरडी, चार पानं, फार तर पाऊण मिनिटाचं काम. मी तेव्हा रबाळ्याच्या एका टूलरूममध्ये होतो. डाय, म्हणजे धातूचे साचे, घासून घासून हात बसलेला, त्यामुळे हे आपल्याला सहज जमेल असा माझा समज होता. एकदा धीर करून विचारलं, "काका, वेल शिकवाल का?" त्यांनी भंगारातला एक तांब्या आणि छिन्नी माझ्या हातात ठेवली. तिसऱ्याच ठोक्याला म्हणाले, "हात कशाला वाकडा करतोस? तांब्या फिरव की."

त्या वाक्यात किती होतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात मी ग्रेव्हर, म्हणजे धातूत रेघ कापायची टोकदार हत्यारं, विकत घेतले, धार लावायला शिकलो आणि थेट धातूवर उतरलो. वहिनीच्या चांदीच्या कुंकवाच्या करंड्याच्या झाकणावर हौसेने वेल कोरली. रेघा स्वच्छ आणि चकचकीत आल्या. वेलीचं मात्र एका बाजूला पोट सुटलेलं, मध्येच कोपरा आलेला, आणि पानं टाचणीने टोचून लावल्यासारखी. वहिनी काही बोलली नाही. करंडा आता कपाटात मागच्या रांगेत असतो.

हत्यार नीटच चाललं होतं. चित्र चुकलं होतं. हाताने कोरीव काम शिकायला निघालेल्या दहातल्या नऊ जणांचं इथेच बिनसतं असं माझं मत आहे. म्हणून या लेखात ग्रेव्हरबद्दल अगदी थोडं आहे आणि पेन्सिलीबद्दल भरपूर. इंग्रजीत ज्याला स्क्रोल म्हणतात त्याला मी मुरडवेल म्हणतो, कारण करंजीची मुरड घालणाऱ्या कुणालाही तो शब्द लगेच कळतो.

सामान

यादी छोटी आहे. एक २एच आणि एक एचबी पेन्सिल, खोडरबर, ए४ कागदाचं रीम, ट्रेसिंग पेपर, काळं स्केचपेन, पट्टी, कर्कटक आणि एक छोटा आरसा. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर दमट हवा पितो आणि त्याला लाटा येतात. जुलै-ऑगस्टमध्ये तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, सपाट ठेवा. पुढे धातू लागेल तेव्हा १ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याचे तुकडे करून घ्या. पत्रा पायधुनीच्या तांबाकाट्याला मिळतो आणि ग्रेव्हर झवेरी बाजाराच्या आसपास सोनारी हत्यारांच्या दुकानांत. पहिला महिनाभर मात्र तिकडे फिरकू नका.

आधी डोळे

रेखाटायला बसण्याआधी एक रविवार नुसतं बघण्यात घालवा. ठाण्याहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरा आणि गर्दीबरोबर बाहेर न पडता मान वर करून उभे राहा. १८८७ साली खुल्या झालेल्या या स्थानकावरचं पानाफुलांचं दगडी काम मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या जेजेतल्या, विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. त्यातलं एक पान निवडा आणि देठ कुठून निघतो, कुठे वळतो आणि कुठे संपतो एवढंच पाहा.

परतताना ऐरोलीची खाडी करा. युरोपातल्या मुरडवेलीतलं ते कातरलेल्या कडांचं, वळणदार पान ज्या वनस्पतीवरून आलं ती भूमध्य समुद्राकाठची अकँथस. तिचीच एक बहीण आपल्या खाडीच्या चिखलात, तिवरांच्या पायाशी उगवते. तिला मारांडी म्हणतात. पानाची कड काटेरी, फूल निळसर जांभळं. मारांडीचं पान ग्रीक खांबावरच्या पानाइतकं रुंद नसतं, पण कडेचा काटा कसा बाहेर येतो आणि दोन काट्यांमधली खोबण कशी गोल असते हे तिच्यावर फार छान दिसतं. फ्लेमिंगो बघायला आलेली मंडळी दुर्बिणी लावून लांब बघत असतात. तुम्ही खाली बघा.

घरी एखादी पैठणी असेल तर तिच्या काठावरची असावली, म्हणजे फुलवेलीची नक्षी, उघडून बसा. विणकामामुळे तिची वळणं पायऱ्या-पायऱ्यांची असतात, पण वेल चौकटीत कशी बसवावी याचा तो उत्तम धडा आहे.

या सगळ्यांचे फोटो काढा, छापून घ्या, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त देठाची रेघ गिरवा. पानं गाळायची. वीसेक वेली अशा सोलल्या की लक्षात येतं, वरची श्रीमंती कितीही वेगळी असो, आतला कणा सगळीकडे जवळपास तोच आहे.

मुरड : सगळ्यात जास्त वेळ इथे

जिलेबी आणि शंख यांत फरक काय? जिलेबीच्या (किंवा डासांच्या कॉइलच्या) दोन वेढ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखंच असतं. शंखाचं अंतर आत जाताना कमी होत जातं. आपल्याला शंख हवा. नवख्या हातातून हमखास जिलेबी येते, कारण हात आपोआप आधीच्या रेघेला समांतर चालतो. समांतर रेघेत पान बसवलं की सगळी पानं सारख्या मापाची येतात आणि वेल गणवेश घातलेल्या मुलांच्या रांगेसारखी दिसते.

शंखाची मुरड मोजून काढायची एक रीत सांगतो. टूलरूमवाल्याची रीत आहे, चित्रकार कदाचित नाक मुरडतील. कागदावर एक बिंदू घ्या. तो मुरडीचा डोळा. त्यातून उभी, आडवी आणि दोन तिरक्या रेघा काढा, म्हणजे ४५ अंशांवर आठ किरण झाले. आता डोळ्यापासून पहिल्या किरणावर ३० मिलिमीटरवर खूण करा, पुढच्या किरणावर २७, मग २४, २१, १९, १७, १५, १३, आणि पूर्ण फेरी मारून पहिल्या किरणावर परत आलात की १२. प्रत्येक खूण आधीच्या खुणेच्या साधारण नऊदशांश आहे. पुढच्या फेरीत १२ वरून जेमतेम ५ वर याल. आता या खुणा हलक्या हाताने एका वळणात जोडा. बाहेरच्या वेढ्यात १८ मिलिमीटरची मोकळी जागा, आतल्यात ७. बाहेर मोठं पान, आत छोटं. पानांची मापं इथेच ठरून गेली.

अशा दहा मुरडी मोजून काढा. नंतर पट्टी बाजूला ठेवा आणि नुसत्या हाताने काढा, आणि झाल्यावर किरण आखून तपासा. आधी काढणं, मग मोजणं, हा क्रम महत्त्वाचा. मोजमाप ही कुबडी नाही. ती परीक्षक आहे. कुठल्या किरणावर अंतर कमी व्हायच्या ऐवजी तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तिथे लाल खूण करा. आठवडाभराच्या कागदांवर लाल खुणा एकाच दिशेला गोळा झालेल्या दिसतील. माझ्या सगळ्या खाली उजवीकडे होत्या, घड्याळात चार वाजतात तिथे. मनगटाचा पल्ला तिथे संपत होता आणि रेघ सपाट होत होती.

चुकांची नावं ठरवून ठेवली की त्या लवकर सापडतात. मी चार नावं ठेवली आहेत. सपाटी, म्हणजे वळणात मध्येच सरळ गेलेला तुकडा. कोपरा, जिथे हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला. पोट, जिथे रेघ विनाकारण बाहेर फुगली. आणि घाई, म्हणजे शेवटच्या अर्ध्या फेरीत मुरड एकदम डोळ्यात कोसळते. कागद उलटा धरून पाहा, आरशात पाहा, खिडकीच्या काचेवर मागून पाहा. आपल्याच रेघेला डोळा सरावलेला असतो. आरशात ती परक्याची होते आणि परक्याच्या चुका आपल्याला पटकन दिसतात.

किती काढायच्या? रोज दहा मुरडी पुरेत, पण रोज. घड्याळाच्या दिशेच्या चार आणि उलट दिशेच्या सहा, कारण उजव्या हाताच्या माणसाला यातली एक दिशा नेहमी जड जाते. जी जड, तिच्या सहा. गर्दीच्या लोकलमध्ये कागद काढता येत नाही हे खरं, पण पावसात दाराजवळच्या काचेवर वाफ धरलेली असली की मी बोटाने मुरड काढत असे. शेजारचा माणूस जरा सरकून उभा राहायचा.

हात स्थिर, कागद फिरता

आता जांभळी नाक्यावरच्या काकांचं वाक्य. ग्रेव्हरने गोल रेघ कापताना हत्याराचा हात जवळपास जागच्या जागी असतो. डाव्या हाताने वस्तू त्याच्याकडे वळवली जाते. त्यासाठीच व्यावसायिक कोरणारे गोल बुडाचा, अलगद फिरणारा व्हाइस, म्हणजे वस्तू पकडणारा शिकंजा, वापरतात. तो महाग असतो. वाळू भरलेल्या चामड्याच्या गादीवर लाकडाचा ठोकळा ठेवला तरी सुरुवातीचं काम भागतं.

म्हणून रेखाटतानाही हीच सवय लावा. कागद टेबलाला चिकटवू नका. डाव्या हाताची बोटं कागदावर पसरा, पेन्सिल टेकवा आणि कागद वळवत रेघ ओढा. सुरुवातीला डोकं चक्रावतं. पंधरवड्यात उजव्या हाताचा ताण जातो आणि ती चार वाजताची सपाटीही कमी होते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना हे जड जाईल, कारण संकल्पचित्राच्या पेपरला बोर्डावर कागद पक्का लावून बसायची सवय असते. मलाही गेलं.

सांधा

एका मुरडीची वेल होत नाही. फांदी फुटायला हवी आणि ती कुठून, कशी फुटते यावर सगळं अवलंबून आहे.

ठाणे स्थानकाच्या पुलावर उभं राहून रूळ बघा. एक रूळ दुसऱ्यापासून वेगळा होतो तेव्हा काही अंतर दोघं जवळजवळ एकच असतात, मग केसाएवढी फट, मग बोटभर, मग वाट वेगळी. काटकोनात फुटणारा रूळ कुणी पाहिलाय का? गाडी घसरेल. वेलीचं तेच. फांदी कण्यातून निघताना कण्याच्याच दिशेने थोडी चालली पाहिजे. रेल्वेत याला सांधा म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. तपासायची रीत सोपी आहे: फांदीची रेघ मागे, कण्याच्या आत वाढवून पाहा. ती कण्यात अलगद मिसळली तर सांधा बरोबर. कण्याला छेदून पलीकडे गेली तर गाडी घसरली.

दुसरं, फांदी वेलीच्या वाढीच्या दिशेनेच जाते, उलटी नाही. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला, म्हणजे मुळाकडे, फांदीचं टोक वळलं की बघणाऱ्याला का ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

तिसरं गिअरचं. शेजारी शेजारी अडकलेली दोन दातेरी चाकं उलट दिशेने फिरतात. वेलीतल्या शेजारच्या दोन मुरडीही तशाच उलट फिरल्या पाहिजेत, आणि त्यांना जोडणारा कणा मग आपोआप इंग्रजी एस अक्षरासारखा होतो. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७५३ साली याच वळणाला सौंदर्याची रेघ म्हटलं. चित्रकार होण्याआधी तो चांदीच्या भांड्यांवर कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करत होता, तेव्हा हे वळण त्याच्या बोटांत आधी आणि डोक्यात नंतर आलं असावं, असा माझा अंदाज.

चौकट भरताना

समजा, ६० बाय २५ मिलिमीटरची तांब्याची पट्टी सजवायची आहे. कागदावर तिप्पट काढा: १८० बाय ७५. कडेने अडीच मिलिमीटर सोडून आत दुसरी चौकट आखा. आता कर्कटकाने तीन वर्तुळं, कॅरमच्या सोंगट्या लावल्यासारखी एकमेकांना खेटून: मधलं ७० मिलिमीटर व्यासाचं, दोन्ही बाजूंची ५२ ची. तिन्ही मिळून १७४, आतली चौकट १७५ ची. बरोबर बसतात.

कणा खालच्या डाव्या कोपऱ्यातून आणा. तो पहिल्या वर्तुळाच्या खालून जातो. तिथे सांधा घाला: एक वाट वर्तुळाला धरून वर चढते आणि आत मुरडते, दुसरी पुढे निघून मधल्या वर्तुळाच्या डोक्यावरून जाते. तिथे पुन्हा सांधा. मग तिसऱ्याच्या खालून. कणा लाटेसारखा वर-खाली होत जातो आणि तिन्ही मुरडींच्या दिशा न ठरवताच आलटून-पालटून येतात.

मुरडी चौकटीच्या कडेला अगदी टेकल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. कडेपासून लांब, मधोमध तरंगणारी वेल भित्री दिसते. उरलेले कोपरे असतात तिकोनी. त्यांत बारीक फांद्या आणि सुटी पानं जातात. कोपरा रिकामा राहतोय म्हणून तिथे फूल किंवा मोर चिकटवायचा मोह होईल. करू नका. तो कोपरा सांगतोय की जवळची फांदी आखूड पडली आहे.

शैलींबद्दल दोन शब्द. इंग्रज बंदूकवाल्यांची वेल बारीक असते, घट्ट मुरडींची, मधे छोटे गुलाब. अमेरिकी पद्धतीत मुरडी मोठ्या आणि त्यांत भरगच्च पानं. घोड्याच्या साजावरच्या आणि पट्ट्याच्या बकलांवरच्या कामात ग्रेव्हर कलता करून एकाच फटक्यात रुंद, चमकता काप देतात. शिकायला मोठ्या मुरडीची अमेरिकी पद्धत घ्या. बारीक वेलीत चुका लपतात, म्हणून ती सोपी वाटते, आणि म्हणूनच तिच्यावर हात शिकत नाही.

पान म्हणजे वाकलेली कोयरी

आता कुठे पानं. इथवर यायला मला दोन महिने लागले. घाई असेल त्याला एक पुरेल.

आधी कण्याला जाडी द्या. बाहेरची रेघ आहे तीच ठेवा, आतल्या बाजूने दुसरी काढा, आणि डोळ्याकडे जाताना दोघींमधलं अंतर निमुळतं करत न्या. डोळ्यात शेवटी एक कळी किंवा छोटं गोल पान. नुसतं टिंब दिलंत तर ते खिळ्यासारखं दिसतं.

पानं कण्याच्या आतल्या अंगाने निघतात आणि दोन वेढ्यांमधली जागा भरतात. एक पान म्हणजे एक कोयरी, किंवा फुगवलेला स्वल्पविराम. त्याची पाठ आधी काढायची: कण्यातून सांध्याच्या नियमाने निघणारी, लांब, बाहेर फुगलेली रेघ. ती संपते तिथे टोक थोडं वळवा. मग पोट: टोकापासून परत कण्याकडे येणारी, जास्त खोलगट रेघ. पाठ आणि पोट दोन्ही मागे वाढवली तर कण्यात मिसळली पाहिजेत. हे जमलं नाही की टाचणीने टोचलेलं पान तयार होतं, वहिनीच्या करंड्यावर आहे तसं.

साधी कोयरी दोनशे वेळा काढून झाल्यावर तिला कातरा. पाठीवर तीन फुगवटे: मधला मोठा, मुळाकडचा मध्यम, टोकाकडचा छोटा. फुगवट्यांमधली खोबण मारांडीच्या पानासारखी गोल ठेवा, करवतीच्या दातासारखी टोकदार नको. खोबणीच्या तळाशी थेंबाच्या आकाराचं एक छोटं भोक दिलं की दोन फुगवटे एकमेकांवर चढल्यासारखे दिसतात. कोण कुणावर चढतो हे एकदा ठरवा आणि वेलभर तोच नियम पाळा.

पानांचा आकार आतल्या दिशेने कमी होत जातो हे मुरडीने आधीच ठरवलं आहे, तिचं ऐका. बाहेरच्या वेढ्यात चार पानं बसत असतील तर आतही साधारण तेवढीच बसवा, छोटी करून. आत गेल्यावर कंटाळून दोनच मोठी पानं टाकणं ही माझी जुनी खोड. आता मी डोळ्यापासून सुरुवात करतो आणि बाहेर येतो. उलटं वाटतं, पण कंटाळा येईपर्यंत अवघड भाग संपलेला असतो.

तपासणीसाठी कण्यावर कागदाची अरुंद पट्टी ठेवून तो झाका. नुसत्या पानांकडे बघून मुरड कुठल्या दिशेने फिरते ते कळलं पाहिजे.

काळं करा

रेखाटन पूर्ण झालं की झेरॉक्स काढा आणि त्या प्रतीवर, मूळ कागदावर नाही, वेलीच्या मागची सगळी मोकळी जागा काळ्या स्केचपेनने भरा. उजेडात धरा, हात लांब करा, डोळे किलकिले करा. काळे तुकडे साधारण एकसारख्या मापाचे हवेत. एखादं मोठं काळं मैदान दिसलं तर तिथे फांदी कमी आहे. काळ्याचा नुसता भुगा दिसला तर पानं दाटली आहेत. कोरताना ही जागा ठिपके मारून किंवा खरवडून गडद करतात, त्यामुळे तिचा आकार पानाइतकाच विचार करून आखावा लागतो.

छायेच्या रेघा सर्वांत शेवटी. जिथे पान दुसऱ्याच्या खालून निघतं तिथून त्या सुरू होतात, पानाच्या वळणाने चालतात आणि मुळाशी जवळ येतात. सगळ्यांची लांबी सारखी ठेवू नका, कंगव्यासारखं दिसतं. कमी घाला. छायेने चुकीचं पान सुधारत नाही, उलट त्याच्याकडे बोट दाखवतं.

मापात आणून धातूवर उतरवणं

तिप्पट काढलेलं चित्र झेरॉक्सवाल्याकडून ३३ टक्क्यांवर आणा. गल्लीतल्या प्रत्येक दुकानात हे होतं. छोट्या प्रतीत ज्या रेघा एकमेकींत मिसळल्या, त्या मूळ चित्रातून काढून टाका. ग्रेव्हरला त्या जमणार नाहीत, निदान पहिल्या वर्षी. छायेच्या रेघा १ मिलिमीटरमध्ये दोन बसल्या तरी पुष्कळ.

तांब्याचा तुकडा ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून साफ करा आणि नंतर बोटं लावू नका. आपल्या हवेत घामाचा ठसा दुसऱ्या दिवशी काळा पडतो. उतरवायच्या दोन रीती मी वापरतो. पहिली जुनी: पांढरा पोस्टर कलर बोटाने पातळ थापायचा, सुकू द्यायचा, ट्रेसिंगच्या पाठीवर एचबी घासायची, वर ठेवून टोकदार २एचने गिरवायचं, आणि मग सुईसारख्या टोकाच्या सळईने धातूवर हलकं ओरखडायचं. ही रीत चित्र आणखी एकदा हाताखालून काढते, म्हणून शिकताना हीच बरी. दुसरी झटपट: चित्र आरशातल्यासारखं उलटं करून लेझर प्रिंटरवर छापा, छापलेली बाजू धातूवर ठेवा, मागून ॲसिटोनचा बोळा टेकवा, चमच्याच्या पाठीने दाबा आणि कागद उचला. टोनर धातूवर उतरतो. इंकजेटच्या प्रिंटवर हे चालत नाही. ॲसिटोन झटकन पेट घेतं आणि त्याची वाफ डोक्यात जाते, तेव्हा खिडकी उघडी ठेवा, देवघरातली निरांजनं विझलेली असू द्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर हे अजिबात नको.

पहिला काप फक्त बाहेरच्या रेघेचा. तुकडा ठोकळ्यावर लाखेने पक्का बसवा, १२० अंशांचा व्ही ग्रेव्हर घ्या, डाव्या हाताचा अंगठा हत्याराच्या वाटेतून बाजूला ठेवा. हत्यार सटकतं, आज नाही तर उद्या, पण सटकतं. कापायला कण्यापासून घ्या, बाहेरून डोळ्याकडे, आणि तांब्या फिरवा.

काप झाले की पट्टीवर थोडी काळी शाई चोळा, वरची कापडाने पुसून काढा. रेघांत शाई राहील. त्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि वहीत चिकटवा. कागदावर घेतलेला ठसा उलटा येतो, चिकटपट्टीतून बघितलेला सुलटाच दिसतो. शेजारी मूळ चित्राची ३३ टक्क्यांची प्रत लावा, तारीख घाला आणि दोन्हींवर आठ किरण आखा. जिथे चित्र बरोबर आणि काप चुकला, तिथे निळी खूण. जिथे चित्रातच चूक होती, तिथे लाल. माझ्या वहीची पहिली पंधरा पानं जवळपास सगळी लाल आहेत. निळ्या खुणा सोळाव्या पानापासून दिसू लागतात, आणि ग्रेव्हरला नीट धार लावायला मी त्यानंतरच बसलो.